ॲ अक्षराचे संगणकीय संकेतन

ॲ हे देवनागरी लिपीतील स्वराक्षर असून मराठीत ते प्रामुख्याने इंग्रजीतून आलेल्या शब्दांच्या आरंभी येते, उदा. ॲप, ॲसिड, ॲडव्होकेट. युनिकोड प्रमाणकात या अक्षराला यू+०९७२ (दशमान २४१८) हा स्वतंत्र संकेतांक २००८ साली, ५.१ या आवृत्तीत मिळाला. तत्पूर्वीच्या पर्यायी लेखनपद्धती आजही प्रचलित असल्याने मराठी मजकुराचा शोध, वर्णानुक्रम व अभिलेख यांत विसंगती निर्माण होते.

पार्श्वभूमी

भारतीय मानक 'इस्की' (१९९१) आणि त्याच्या आधीच्या आवृत्तीवर आधारलेले युनिकोड या दोहोंत 'ऑ' व 'ऍ' ही अक्षरे आरंभापासून होती. मराठीत मात्र हा स्वर 'ए'वर नव्हे, तर 'अ'वर चंद्र देऊन लिहिला जातो. त्या रूपाला संकेतांक नसल्याने लेखकांनी तीन वाटा शोधल्या: 'ऍ' वापरणे, 'अ' आणि 'ॅ' ही चिन्हे लागोपाठ टंकणे, किंवा त्या दोहोंमध्ये शून्य रुंदीचे अदृश्य जोडचिन्ह घालणे.

महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाद्वारे 'ॲ' आणि 'ऑ' यांना मराठी वर्णमालेत स्थान दिले.

समतुल्यतेचा प्रश्न

चेक भाषेतील उलट्या टोपीची अक्षरे एका संकेतांकाने किंवा मूळ अक्षर व जोडचिन्ह अशा जोडीने लिहिता येतात, आणि युनिकोड ही दोन्ही रूपे समतुल्य मानते. मराठीतील 'ऱ'ची स्थितीही तशीच आहे. ते 'र' आणि नुक्ता या जोडीशी समतुल्य आहे. 'ॲ'ला मात्र अशी समतुल्यता नाही. युनिकोडमध्ये देवनागरीचे स्वतंत्र स्वर अखंड मानले जातात. 'आ' म्हणजे 'अ' अधिक काना असे धरले जात नाही. म्हणून 'अ' व 'ॅ' ही जोडी टाळावी, असे प्रमाणकात सांगितले आहे. परिणामी प्रमाण सामान्यीकरण केल्यानंतरही ही रूपे वेगळीच राहतात. यूटीएफ-८ पद्धतीत 'ॲ' तीन बाइट, जोडी सहा बाइट, तर अदृश्य चिन्हासह लिहिलेले रूप नऊ बाइट जागा घेते.

छत्रपती संभाजीनगरातील उदाहरण

या शहरात १९८१ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे. त्यामुळे नामफलक, निमंत्रणपत्रिका आणि वृत्तपत्रांतील बातम्यांत 'ॲड.' हे संक्षिप्त रूप सतत आढळते. शेंद्रा-बिडकीन येथील औद्योगिक नगरीच्या 'ऑरिक' या नावातील पहिल्या अक्षराला आरंभापासून संकेतांक असल्याने तेथे ही अडचण नाही, 'ॲड.' मात्र चार प्रकारे टंकलेले असू शकते.

२०२३ मध्ये शहराचे नाव औरंगाबादऐवजी छत्रपती संभाजीनगर असे झाले. जुने व नवे नाव डोळ्यांना वेगळे दिसते; त्यामुळे दोन्ही शब्दांनी शोध घ्यावा हे वाचकाला सहज सुचते. 'ॲड.'ची रूपे पडद्यावर बहुधा सारखीच दिसतात, म्हणून एखादी नोंद शोधात निसटली तरी ते ध्यानात येत नाही.

परिणाम व उपाय

संकेतांकांच्या केवळ संख्यात्मक क्रमाने यादी लावल्यास 'ॲ'ने आरंभ होणारी नावे 'ह'नंतर जातात, तर जोडीने लिहिलेली नावे 'अ'पाशी राहतात. मतदारयादी, ग्रंथालयसूची किंवा विद्यार्थ्यांची नोंदवही यांत एकाच आडनावाची माणसे अशा रीतीने दोन टोकांना विखुरली जाऊ शकतात. मराठीच्या वर्णानुक्रमाचे नियम पाळणारी आज्ञावली वापरल्यास हा दोष टळतो.

लेखकाला आपले टंकन तपासण्याची सोपी खूण आहे: बहुतेक संपादकांत बॅकस्पेस एकदा दाबल्यावर संपूर्ण अक्षर पुसले गेले, तर ते यू+०९७२ असते, मागे 'अ' उरला, तर ती जोडी असते. नव्या मजकुरासाठी कळफलकात 'ॲ' असणे पुरेसे आहे. जुन्या मजकुराचे तसे नाही: साठवलेले शब्द आणि शोधशब्द या दोहोंतील पर्यायी रूपे एकाच संकेतांकात आणणारा नियम प्रत्येक प्रणालीत स्वतंत्रपणे घालावा लागतो, कारण युनिकोडचे सामान्यीकरण ते काम करीत नाही.