मान्ना वेचावा लागतो

संकटात देव पुरवतो, हा माझा विश्वास आहे. म्हणूनच हल्ली मोबाईलवर फिरणारी काही प्रवचनं ऐकली की चीड येते. म्हणे, तुमचं ताट रिकामं आहे कारण तुमचा भरवसा कमी पडतो! असं सांगणारा माणूस बहुधा जेवून आलेला असतो.

मंडळी, पंडिता रमाबाईंची गोष्ट आठवा. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील, आई आणि मोठी बहीण एकामागोमाग गेले. होतं नव्हतं ते दानधर्मात आणि अनुष्ठानांत संपलं होतं, आणि अंगमेहनतीची कामं करणं शास्त्र्यांच्या घराला कमीपणाचं वाटत होतं. हे बाईंनीच लिहून ठेवलंय. (आपण ख्रिस्ती लोकांनी यावर नाकं मुरडू नयेत. देव बदलला म्हणून खोड जात नाही.)

पुढे १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आपला चांदा जिल्हाही तेव्हा त्याच प्रांतात होता. बाई स्वतः तिकडे गेल्या आणि उपासमारीतल्या मुलींना केडगावला घेऊन आल्या. तिथे प्रार्थना तर होतीच. पण विहिरीही खणल्या, शेती केली, मुलींना विणकाम शिकवलं, छापखान्यात खिळे जुळवायला बसवलं. याला मी भरवसा म्हणतो.

रानातल्या इस्राएल लोकांना देवानं मान्ना दिला, हे प्रवचनात नेहमी येतं. तो रोज सकाळी बाहेर जाऊन वेचावा लागे, हे मात्र राहून जातं. आमच्या आलापल्लीकडे मोहफुलांचं तसंच आहे. रात्री झाड टाकतं, पहाटे टोपली घेऊन बाई निघते, वाकून वाकून कंबर मोडते. तिला कुणी भरवशाचे धडे देऊ नयेत.

आणि ज्यांना वेचायलाच काही उरत नाही त्यांचं काय? २०२०च्या टाळेबंदीत तेलंगणात मिरची तोडायला गेलेली आमच्या भागातली माणसं पायी घरी आली. त्यांची श्रद्धा कमी पडली होती का हो? वाटेत ज्यांनी ज्यांनी त्यांच्यापुढे भात ठेवला, त्यांच्या हातून देवानं पुरवलं असं मी मानतो, मग तो वाढणारा देव मानो की न मानो.

उपाशी भावाला नुसतं 'जा, पोटभर जेव' म्हणून वाटेला लावणाऱ्याची याकोबानं आपल्या पत्रात चांगलीच हजेरी घेतली आहे. या प्रवचनकारांच्या बायबलातली तेवढी पानं एकमेकांना चिकटलेली असावीत.