आधी ब्रेक, मग इंजिन

बालमित्रांनो,

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तुमच्या बाईंनी काय केलं, ओळखा पाहू! कुरडया केल्या? केल्या. लोणचं घातलं? तेही घातलं. पण त्याखेरीज एक भलतंच काम अंगावर घेतलं. कोपरापर्यंत ग्रीस, नखांत काळं तेल, केसांत गंजाची धूळ, असा माझा अवतार पाहून शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, तू मास्तरीण की मिस्तरीण?"

त्याचं झालं असं. माझं माहेर घाटनांदूरचं. बीड जिल्ह्यात, अंबाजोगाई तालुक्यात. परळीहून लातूर रोडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं हे स्टेशन. आमच्या घरामागं कडुलिंबाखाली एक जीप उभी होती. उभी कसली, बसलीच होती म्हणा ना! चारही टायर भुईला चिकटलेले. बॉनेटखाली मांजरीनं पिल्लं घातलेली. मागच्या बाकाखाली कोंबडी अंडी घालायची. रामाचा वनवास चौदा वर्षांचा. हिलाही एका जागी चौदा वर्षं झाली होती.

ही जीप १९७२ सालची, म्हणजे मोठ्या दुष्काळाच्या वर्षातली. आधी ती सरकारी होती. पुढं लिलावात अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती घेतली. पावसाळ्यात आमची काळी माती अशी चिकट होते की बैलगाडीचं चाकसुद्धा हलत नाही. अशा रात्री कुणाला साप चावला, कुणी बाळंतीण अडली, की अण्णांची जीप अंबाजोगाईच्या दवाखान्याकडं निघायची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. त्यानंतर आठ दिवस याच जीपमधून भाकरी आणि घोंगड्या तिकडं गेल्या. पुढं काचबिंदूनं अण्णांची नजर गेली आणि जीप लिंबाखाली थांबली ती थांबलीच.

सुट्टीला घरी गेले, तर दादा म्हणाला, "सोमवारी भंगारवाला येतोय. जागा तरी मोकळी होईल."

अण्णा काहीच बोलले नाहीत. काठी टेकत जीपपाशी गेले आणि बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. मग मलाच राहवलं नाही. म्हटलं, "दादा, मला एक सुट्टी दे. नाहीच जमलं, तर शाळा उघडायच्या दिवशी मी स्वतः भंगारवाल्याला फोन करीन."

आठवीतला माझा भाचा टुणकन उडी मारून म्हणाला, "आत्या, मी पण!"

आता मुलांनो, जीप म्हणजे काय हे आधी सांगते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्याला हलकी, चारही चाकांना जोर देणारी गाडी हवी होती. १९४० साली सैन्यानं कारखानदारांना सांगितलं, "४९ दिवसांत नमुना करून आणा!" बँटम नावाच्या एका छोट्या कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्यानं ती गाडी आखली आणि २३ सप्टेंबर १९४० ला, मुदतीच्या दिवशीच, ती सैन्याच्या दारात उभी राहिली. पुढं विलिस आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून अशा सहा लाखांहून जास्त गाड्या युद्धात बनवल्या.

आपल्याकडं महिंद्र कंपनीनं विलिसचे सुटे भाग आणून १९४९ साली मुंबईत माझगावला जीप जोडायला सुरुवात केली. गंमत म्हणजे १९४५ साली या कंपनीचं नाव होतं 'महिंद्र अँड मोहम्मद'. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झालं. आमची जीप उंच बॉनेटची, सीजे-३बी जातीची. बॉनेट उंच का? तर इंजिन उंच म्हणून. या इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह वर, डोक्यात असतात आणि धूर बाहेर सोडणारे खाली, अंगात.

पण नुसत्या माहितीनं जीप चालत नाही. आम्ही गावातल्या जुन्या मिस्त्री चाचांना बोलावलं. सत्तरी ओलांडलेले, कानावर पेन्सिल. त्यांनी जीपभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "पहिलं काय करायचं?"

भाचा म्हणाला, "इंजिन चालू करायचं!"

चाचा हसले. "समदी दुनिया हेच म्हणते. बेटा, जी गाडी थांबत नाही ती चालू कशाला करायची? आधी ब्रेक, मग इंजिन."

आमचं तोंड एवढंसं झालं. पण चाचांचं ऐकलं. जीप जॅकवर उचलली, खाली जाड लाकडी ठोकळे लावले, जमिनीवरच्या चाकांना पुढंमागं दगड लावले. मुलांनो, हे पक्कं लक्षात ठेवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही. जॅक सरकला तर 'अरे' म्हणायलाही वेळ मिळत नाही. ब्रेकचे ड्रम उघडताना चाचांनी भाच्याला लांब बसवलं आणि तोंडाला फडकं बांधून सगळं ओल्या कापडानं पुसलं. जुन्या ब्रेकच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ती फुंकर मारून उडवायची नसते, फुप्फुसाला फार वाईट.

भाच्याकडं वहीचं काम दिलं. शंभर पानी, चौकटीची वही. कुठला भाग कुठून निघाला, त्याचं चित्र, त्याचे नट-बोल्ट किती. प्रत्येक भागाचे बोल्ट वेगळ्या डब्यात आणि डब्यावर नंबर. गंजलेला बोल्ट निघेना, की त्याच्या अंगात जोर येई. चाचा म्हणत, "जोर लावला की मुंडी तुटते." मग बोल्टवर केरोसीन सोडायचं, हातोडीनं हलकं टिचकवायचं आणि उद्या बघायचं. हलला, की थोडा सैल, थोडा परत घट्ट, पुन्हा सैल, असं खेळवत काढायचा. एका बोल्टनं आमचे चार दिवस खाल्ले! पण निघाला तो अख्खा.

तिकडं इंजिनही जाम होतं. स्पार्क प्लग काढून चारही भोकांतून थोडं तेल आत सोडलं आणि त्याला तसंच मुरू दिलं.

आता ब्रेकची गोष्ट ऐका. तुम्ही पायानं पेडल दाबता. त्यानं मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या पुढं सरकतो आणि ब्रेक ऑइलला ढकलतो. द्रव काही दाबून लहान होत नाही. म्हणून तो दाब बारीक नळ्यांतून थेट चारही चाकांपर्यंत पोचतो. तिथले छोटे दट्ट्ये ब्रेकच्या पट्ट्यांना ड्रमवर दाबतात आणि चाक थांबतं. विज्ञानाच्या पुस्तकातला पास्कलचा नियम तो हाच. आमच्या जीपमध्ये चारही चाकांना मिळून एकच मार्ग आहे. एका नळीला गळती लागली तर चारही ब्रेक गेले! म्हणून चाचा एवढे कडक.

दट्ट्यांवर रबराच्या वाट्या असतात. लातूरहून नव्या वाट्या आणल्या. मी म्हटलं, स्वच्छ असाव्यात. बाकीचे लोखंडी भाग डिझेलमध्ये धूत होतेच, त्यातच वाट्याही खळबळून काढल्या. भाचा शेजारी डबा धरून उभा होता. सगळं बसवलं, ऑइल भरलं, झोपलो.

सकाळी पाहतो तर एकही चाक हातानं फिरेना. दाबलेलं पेडल परत वर येईना. चाचांनी मास्टर सिलिंडर उघडला आणि रबराची वाटी तळहातावर घेतली. रात्रभर भिजलेल्या हरभऱ्यासारखी ती टम्म फुगली होती!

"डिझेलमध्ये कुणी धुतली?" चाचा कडाडले आणि भाच्याकडं पाहून म्हणाले, "डबा तुझ्याच हातात होता ना? पोरखेळ वाटला का हा?"

भाच्यानं मान खाली घातली. तो बोलला नाही. आणि मुलांनो, मीही लगेच बोलले नाही. दोन-तीन श्वास गेले असतील. वर्गात 'खरं बोला' असं रोज सांगणारी मी, तेवढा वेळ गप्प उभी होते. त्याची मला आजही लाज वाटते.

मग म्हटलं, "चाचा, त्याची चूक नाही. मी धुतल्या."

चाचा थोडा वेळ माझ्याकडं पाहत राहिले. नंतर शांतपणे म्हणाले, "डिझेल, पेट्रोल, इंजिन ऑइल, यातलं काही या रबराला लागू द्यायचं नाही. रबर ते पिऊन फुगतं. ब्रेक ऑइलनंच धुवायचं."

बाजेवर बसलेले अण्णा म्हणाले, "वहीत लिहून ठेवा म्हणजे झालं."

भाच्यानं लिहिलं, 'ब्रेकचं रबर डिझेलमध्ये धुवू नये. चूक : आत्याची.' वर लाल शाईनं चौकटही काढली! नवं रबर पुन्हा आणलं. पैसे अर्थात माझे गेले.

यानंतर नळ्यांतली हवा काढायची होती. हवा दाबली की लहान होते. नळीत बुडबुडा राहिला तर पेडलचा सगळा जोर त्या बुडबुड्यालाच चेंबण्यात जातो आणि चाकापर्यंत काही पोचत नाही. म्हणून एकानं पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकाजवळचं बारीक निपल सैल करून हवा बाहेर सोडायची, निपल घट्ट करायचं आणि मगच पेडल सोडायचं. सुरुवात सगळ्यांत लांबच्या चाकापासून.

पेडल कोण दाबणार? अण्णा म्हणाले, "मला बसवा."

चौदा वर्षांनी अण्णा त्या जागेवर बसले. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण पाय विसरला नव्हता. आम्हाला वाटे, झालं. अण्णा म्हणत, "थांबा, अजून हवा हाय. स्पंजावानी लागायलंय." पुन्हा निपल उघडलं की खरंच ऑइलमधून बुडबुडा यायचा! शेवटी एकदा त्यांनी पेडल दाबलं आणि म्हणाले, "आता दगड लागला पायाला. बास."

आता इंजिनाची पाळी. टाकीत पेट्रोलचा डिंक झाला होता, टाकी साफ केली. कार्बुरेटर उघडून धुतला. पॉइंट घासले. बॅटरी नवी. आत मुरलेल्या तेलानं काम केलं होतं, पुढून हँडल घातलं तर इंजिन हळूहळू फिरलं. हँडल धरायचीही एक रीत आहे. अंगठा बाकी बोटांच्याच बाजूला ठेवायचा. इंजिननं उलटा झटका दिला तर उलट बाजूचा अंगठा मोडतो.

पाचव्या झटक्याला इंजिन खोकलं. सातव्याला धडधडलं. मांजर पिल्लांसकट केव्हाच कोठारात गेली होती. कोंबड्या मात्र ओरडत भिंतीवर चढल्या. अण्णांनी कान दिला आणि म्हणाले, "तीन नंबरचं टॅपेट वाजायलंय." चाचांनी तपासलं. तीन नंबरचंच!

शाळा उघडायला चार दिवस राहिले होते. मी चालवायला बसले, शेजारी अण्णा. मागं बसायचा हट्ट धरलेल्या भाच्याला चाचांनी ओट्यावर उभं केलं. पहिल्या गिअरमध्ये, मुंगीच्या पावलानं जीप लिंबापासून गोठ्याकडं निघाली. असतील वीस पावलं. गोठ्याच्या अलीकडं मी ब्रेक दाबला.

जीप थांबली. सरळ, एका रेषेत, हिसका न देता.

दादा टाळ्या वाजवत होता. अण्णा मात्र हळूच म्हणाले, "थांबली बघ." पुन्हा बॉनेटवर ठेवतात तसा त्यांनी समोरच्या पत्र्यावर हात ठेवला.

"मग आता जीप गावात फिरते का?" तुम्ही विचाराल. नाही बरं! खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर गाडी तपासून घेऊन नोंदणी पुन्हा करावी लागते. ती होईपर्यंत आमची जीप आवारातच राहणार. ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून 'व्हिंटेज' नोंदणीही आहे, पण तशी गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. अण्णांना तर शेतावर जायचंय. म्हणून आम्ही पहिला रस्ता धरलाय. कागदपत्रांचा हा बोल्टसुद्धा खेळवत खेळवतच काढायचा!

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार तुम्हाला आठवतात का? यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव ते हेच. लोहार यांनी आपल्या मुलासाठी भंगारातून छोटीशी जीप बनवली. मोटारसायकलसारखी किक मारून चालू होणारी! २०२१ च्या डिसेंबरात साऱ्या देशानं तिचं कौतुक केलं. पण ती रस्त्याच्या नियमांत बसत नव्हती. तेव्हा आनंद महिंद्र यांनी ती आपल्याकडं जपून ठेवायला मागितली आणि २०२२ च्या जानेवारीत बदल्यात लोहार कुटुंबाला बोलेरो दिली. हातात कला असावीच. तिला नियमाचा ब्रेकही असावा.

करून पाहा : औषधाच्या दुकानातून सुई नसलेल्या दोन नव्या सिरिंज आणा, एक मोठी, एक लहान. घरातल्या मोठ्या माणसाच्या मदतीनं त्या बारीक नळीनं जोडा आणि बादलीत बुडवून सगळीकडं पाणी भरा. हवा अजिबात नको. आता लहान सिरिंजचा दट्ट्या तुम्ही दाबा आणि मोठीचा दट्ट्या मित्राला अडवून धरायला सांगा. त्याला अडवता येतो का? मग नळीत मुद्दाम मोठा बुडबुडा जाऊ द्या आणि पुन्हा दाबा. काय फरक पडला? वहीत लिहा. आणि हो, करताना चूक झाली तर तीही लिहा, ज्याची त्याच्या नावानं!

भेटू पुढच्या अंकात.

तुमच्या,
बाई