मजुराचे मोल



सिंगापूर हे चिमुकले, परंतु संपन्न बेट. स्वस्त मजुरीवर उभारलेली संपत्ती टिकाऊ नसते, हे ओळखून तेथील शासनाने १९७९ पासून तीन वर्षे वेतने हेतुपुरस्सर वाढविली व कौशल्यशिक्षणासाठी निधी उभारला. कारखानदारांनी यंत्रे व कसब यांची कास धरावी, हा हेतू. १९८५ साली मंदी आली, तेव्हा वाढत्या वेतनखर्चालाही दोष देण्यात आला. पुढे २०१४ साली सफाई कामगारांना कसबानुसार चढते वेतन देणे बंधनकारक झाले. परंतु ते नागरिक व कायम रहिवासी यांच्यापुरतेच. इमारती बांधणारा भारतीय वा बांगलादेशी मजूर त्याबाहेरच राहिला.

वेतन केवळ करारावर ठरू नये, काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचा त्यात निर्वाह झाला पाहिजे, अशी शिकवण पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रात दिली. ती परक्याला वगळीत नाही.

आपलीही मुले आखातात राबतात. त्यांना न्याय मिळावा म्हणून आपण जपमाळ करतो. मग आपल्या शेतात कापणीस आलेल्या परगावच्या मजुराची मजुरी ठरविताना तोच न्याय विसरू नये.