फुलदाणी आणि रान

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या नंदुरबार जिल्ह्यात फाल्गुन आला की पळस फुलतो, आणि चैत्राच्या पहाटे मोहाच्या फुलांचा सडा पडतो. ही श्रीमंती पाहून घरची फुलदाणी गच्च भरावी, असे कोणासही वाटेल. परंतु गर्दी केल्याने आरास शोभत नाही. कुशल कारागीर पाच-सात फुलांतच शोभा आणतो. जपानमधील इकेबाना या कलेत तर फुलांइतकेच मोकळ्या जागेलाही महत्त्व असते.

फुले सकाळी, ऊन चढण्यापूर्वी खुडावीत. त्या वेळी देठांत पाणी भरलेले असते. देठ धारदार सुरीने तिरपा कापावा, म्हणजे तो भांड्याच्या तळाशी सपाट टेकत नाही व पाणी शोषण्याची वाट मोकळी राहते. पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत. ती कुजली की जंतू वाढून देठातील नलिका बुजतात. पाणी रोज बदलावे. एवढ्या काळजीने परसातील झेंडूही अनेक दिवस टवटवीत राहतो.

मात्र फूल कोठून आणावे, याचाही विवेक हवा. मोहाचे फूल येथील आदिवासी कुटुंबांचे अन्न आहे आणि उत्पन्नही. पळसाची फांदी मोडली, तर पक्ष्यांचा मध जातो व पुढच्या रोपांचे बीही जाते. एका फांदीने काय होणार, असे कोणी म्हणेल. पण प्रत्येकाने एकेक मोडल्यास झाड उघडे पडेल. म्हणून पळसाची गळालेली फुले वेचून पसरट थाळीतील पाण्यावर तरंगत ठेवावीत. त्याने घरही सजते आणि रानही फुललेले राहते.