माशांच्या आधीचे पाणी

घरात फिश टँक आणण्याचा हट्ट बहुधा मुलांचा असतो आणि तो पुरविण्याची घाई मोठ्यांची असते. सकाळी बाजारातून काचेची टाकी येते, दुपारी तीत नळाचे पाणी व रंगीत खडे पडतात आणि दिवेलागणीपूर्वी पिशवीतील आठ-दहा मासे तीत सोडलेही जातात. चार दिवस घर आनंदात असते. आठवड्याच्या आत एक मासा उलटा तरंगताना दिसतो, मग दुसरा. 'मासे कच्चे निघाले' असे म्हणून नवे मासे आणले जातात. वास्तविक कच्चे असते ते पाणी. जैन घरात 'कच्चे पाणी' म्हणजे न उकळलेले पाणी. येथे मात्र अर्थ वेगळा आहे. ज्यात माशाने टाकलेले विष पचविणारी व्यवस्था अजून उभी राहिलेली नाही, ते पाणी कच्चे.

पाण्यापाण्यात भेद असतो, हे श्रावकाला कोणी शिकवावे लागत नाही. विहिरीचे पाणी दुहेरी वस्त्राने गाळल्यावर वस्त्रावर राहिलेली जिवाणी त्याच विहिरीत परत सोडण्याची रीत आपल्या घराघरांत होती. एका पाण्यातील जीव दुसऱ्या पाण्यात तग धरत नाहीत, ही त्यामागील जाण होती. अंदर मावळातील टाकवे बुद्रुकचेच उदाहरण घ्यावे. कान्हे फाट्यावरून गावाकडे येताना इंद्रायणी ओलांडावी लागते. अशा गावी घरात येणारे पाणी नळयोजनेचे असेल तर त्यात क्लोरीन असते. बोअरचे असेल तर क्लोरीन नसते, पण खडकातील क्षार उतरलेले असतात. पावसाळ्यातील आणि वैशाखातील पाणीही एकसारखे नसते. दुकानातील टाकीत वाढलेला मासा या पाण्यात एकाएकी टाकणे म्हणजे त्याला परमुलखात नेऊन सोडणे होय.

म्हणून आरंभ माशांपासून नव्हे, रिकाम्या टाकीपासून करावा. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशा टाकीत काठोकाठ भरल्यास सुमारे ५७ लिटर पाणी मावते. काच व वाळू धरून वजन सत्तर किलोच्या घरात जाते. तेव्हा ती दुकानाच्या गल्ल्याशेजारच्या हलक्या फळीवर ठेवू नये. भक्कम, सपाट बैठक हवी, खाली थर्माकोलचा ताव हवा आणि थेट ऊन नको. वाळू निवळ पाणी येईपर्यंत धुवावी. साबणाचा स्पर्श कशालाही होऊ देऊ नये. एक-दोन दिवस पाणी भरून ठेवून टाकी कोठे पाझरते का ते पाहावे. क्लोरीन साधे असेल तर पाणी दिवसभर उघडे ठेवल्याने ते उडून जाते. क्लोरामाइन मात्र उडत नाही, त्यासाठी दुकानात मिळणारे क्लोरीन घालविणारे द्रावण वापरावे लागते. गोल काचेच्या बाउलचा तर विचारही करू नये. त्यात विकला जाणारा गोल्डफिश नीट सांभाळल्यास वीतभर वाढतो आणि दहा वर्षांहूनही अधिक जगतो.

इतके झाले तरी पाणी पक्के झालेले नसते. मासा कल्ल्यांवाटे व मलावाटे अमोनिया टाकतो. उरलेले खाद्य कुजले की त्याचाही अमोनियाच होतो. नदीत तो वाहून जातो, टाकीत साचतो आणि कल्ले जाळतो. निसर्गाने यावर तोड ठेवली आहे. काही सूक्ष्म जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. नायट्राइटही घातकच, कारण त्याने माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती जाते. दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. नायट्रेट पुष्कळ सौम्य असते. थोडे पाणवनस्पती शोषून घेतात, उरलेले आठवड्याला काही पाणी बदलल्याने निघून जाते. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजावर आणि वाळूच्या कणांवर वस्ती करतात. ही साखळी रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राड्स्की यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उलगडली. २०१५ मध्ये तर दोन्ही कामे एकटाच करणारा जिवाणू सापडला, आणि तोही मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्ये.

अडचण वेळेची आहे. दूध नासविणारे जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होऊ शकतात. या जिवाणूंना अनुकूल स्थितीतही सुमारे एक दिवस किंवा अधिक लागतो. पुरेशी वस्ती व्हायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. व्यापाऱ्याला हे वेगळे सांगायला नको: खात्यात जमा होण्यापूर्वी उचल केली तर खाते बुडते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे मांडली पाहिजे. 'आधी दोन-चार स्वस्त मासे सोडा, ते टिकले की चांगले मासे आणा,' असा सल्ला अनेक ठिकाणी सर्रास दिला जातो. त्या स्वस्त माशांचा अमोनिया जिवाणूंना खाद्य म्हणून मिळतो, टाकी तयार होते आणि ते मासे मात्र त्या विषात तडफडतात. पाच रुपयांचा मासा आणि पाचशे रुपयांचा मासा यांच्या वेदनेत भेद कोणत्या शास्त्राने केला आहे? दोघेही पंचेंद्रिय तिर्यंच, दोघेही जलचर. जैन घरात हा प्रकार घडता कामा नये, आणि त्याची गरजही नाही. माशांविना टाकी तयार करता येते. फिल्टर चालू ठेवून रिकाम्या पाण्यात रोज चिमूटभर माशांचे खाद्य टाकावे. ते कुजून अमोनिया होतो आणि वस्ती वाढू लागते. तपासणीचे थेंबांचे किट आणून पाणी मोजावे. प्रथम अमोनिया चढतो, मग तो उतरून नायट्राइट चढते, शेवटी दोन्ही शून्यावर येतात आणि नायट्रेट दिसू लागते. टाकलेल्या खाद्याचा अमोनिया व नायट्राइट एका दिवसात नाहीसे होऊ लागले की निम्मे-अधिक पाणी बदलावे. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते म्हणून ते तयार झाले असे मुळीच समजू नये. अमोनियाला रंग नसतो.

मावळात दोन गोष्टींचे भान अधिक ठेवावे लागते. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री येथे गारठा असतो आणि थंड पाण्यात ही वस्ती मंद वाढते, म्हणून उष्ण कटिबंधातील माशांसाठी हीटर लागतो. दुसरी गोष्ट विजेची. पावसाळ्यात वीज तासन्‌तास गेली आणि फिल्टर बंद राहिला, तर प्राणवायूअभावी स्पंजावरील जिवाणू मरू लागतात. बॅटरीवर चालणारा लहान हवेचा पंप घरात असावा. स्पंज नळाखाली खळखळून धुणे हीही घातक सवय आहे. महिनाभर जमविलेली वस्ती क्लोरीन क्षणात धुऊन काढते. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात तो हलकेच पिळावा.

पाण्याची अशी निगा मावळाला नवी नाही. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या जलाशयाकाठी १९७० च्या दशकापासून महाशीर माशाची पैदास करून पिले जलाशयांत सोडली जात आली आहेत. दख्खनच्या नद्यांतील या माशाला कर्नल सायक्स यांनी १८३९ मध्ये शास्त्रीय नाव दिले. त्याची अंडी स्वच्छ, प्राणवायूने भरलेल्या, हळुवार वाहत्या पाण्यातच तरतात. आधी पाणी सिद्ध करायचे आणि मग जीव त्याच्या हवाली करायचा, हाच क्रम तेथेही आहे.

टाकी रिकामी असण्याचे ते महिना-सव्वा महिना आणखी एका कामासाठी मोलाचे आहेत. मासे आणावेत की नाहीत, हे त्या काळात घराने बसून ठरवावे. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत 'बंध' पहिला आणि 'अन्नपाननिरोध' शेवटचा आहे. जीवाला कोंडणे आणि त्याचे अन्नपाणी रोखणे, या दोन्हींचा प्रश्न काचेच्या टाकीपाशी उभा राहतो. त्याहून अवघड प्रश्न खाद्याचा आहे. बाजारातील बहुतेक खाद्यांत माशांची भुकटी असते आणि गोठविलेल्या किंवा सुकविलेल्या अळ्या सर्रास विकल्या जातात. शेवाळ व वनस्पतींवर बनविलेली खाद्ये मिळतात, पण वेष्टनावरील घटक वाचूनच घ्यावी लागतात, आणि सर्व जातींचे मासे त्यांवर निरोगी राहत नाहीत. टाकी तयार करण्यासाठी टाकावयाच्या चिमूटभर खाद्यालाही हाच निकष लावावा. दिगंबर परंपरेत अठरावे तीर्थंकर अरनाथ यांचे लांछन मत्स्य आहे, तीर्थंकरमातेच्या सोळा स्वप्नांत मीनयुगल आहे. देवघरात ज्याला मान आहे, त्याच्या पोटात काय जाते याची चौकशी करणे अगत्याचे होय.

आणायचेच ठरले तर थोडे आणि लहान जातीचे आणावेत. पिशवी पाव तास पाण्यावर तरंगत ठेवावी, तीत घरचे पाणी थोडेथोडे मिसळत जावे, मग मासा हलकेच सोडावा. दुकानातील पाणी टाकीत ओतू नये. पुढे सर्वाधिक मासे दयेपोटी मरतात, हे विचित्र वाटले तरी खरे आहे. येता-जाता प्रत्येक जण चिमूट टाकतो आणि न खाल्लेले खाद्य विष होते. घरातील एकानेच, दोन-तीन मिनिटांत संपेल इतके द्यावे. तीर्थयात्रेला तीन-चार दिवस जायचे असेल तर निरोगी, मोठा मासा उपाशी राहू शकतो. पर्युषणात उपवास करणाऱ्या घराला याचे नवल वाटू नये. मात्र कंटाळा आला म्हणून अभयदानाच्या भावनेने टाकीतील मासे इंद्रायणीत सोडणे सर्वथा अनुचित. परदेशी जाती स्थानिक माशांची अंडी व जागा बळकावतात. भारतातील अनेक जलाशयांत सोडून दिलेला सकरमाउथ मासा आज हेच करीत आहे.

आणि मासे नकोत असे ठरले, तर केलेला खर्च वाया जात नाही. हायड्रिला, जावा मॉस, अनुबियास अशा पाणवनस्पतींची टाकी माशांविनाही पूर्ण असते आणि मुलांना तीत रोज नवे पान दाखविता येते. फक्त झाकण घट्ट बसवावे आणि पंप चालू ठेवावा, म्हणजे स्थिर पाण्यावर डासांची अंडी पडत नाहीत.