बाइटच्या मापात देवनागरी

‘ओरॅकल’ या बलाढ्य डेटाबेस प्रणालीत रकान्याची रुंदी, वेगळे सांगितले नाही तर, अक्षरांत नव्हे, बाइटमध्ये मोजली जाते. यूटीएफ-८ संकेतप्रणालीत रोमन अक्षराला १ बाइट पुरतो. देवनागरीत मात्र मूळ वर्ण, काना, वेलांटी, हलन्त, प्रत्येकाला ३ लागतात. ३० बाइटच्या रकान्यात निबंधमालाकारांचे ‘विष्णुशास्त्री’ हे नाव मावत नाही. त्याला ४२ हवेत. मराठी भाषेच्या शिवाजीची ही गत!

तरीही दोष केवळ परकीय कंपनीच्या माथी मारणे अप्रामाणिकपणाचे होईल. मर्यादा तिने दडवलेली नाही; अक्षरांत मोजण्याची सोय २००१च्या ‘९आय’ आवृत्तीपासून आहे. मागणाराच हवा. १९६४चा राजभाषा अधिनियम असलेल्या राज्याने प्रत्येक निविदेत ही अट घालावी आणि चाचणी ‘विष्णुशास्त्री’ लिहूनच घ्यावी.