बर्फाची कमाई जंगलाच्या हाती राहावी

हिवाळ्यात आम्ही डेन्व्हरहून ब्रेकेनरिजला स्कीइंगला जातो, तेव्हा लिफ्टचे पैसे कंपनी घेते. डोंगर मात्र तिचा नाही. तो व्हाइट रिव्हर राष्ट्रीय वनातला, म्हणजे जनतेचा. अमेरिकेत राष्ट्रीय वनांच्या जमिनीवर अशी सव्वाशेच्या आसपास स्की केंद्रं आहेत. १९८६ च्या कायद्याप्रमाणे त्यांना ४० वर्षांपर्यंतचा परवाना मिळतो आणि त्याबद्दल ती वन सेवेला शुल्क भरतात.

शुल्काचे टप्पे १९९६ मध्ये संसदेने ठरवले. मूळ कायद्यात ३० लाख डॉलरपर्यंतच्या उत्पन्नावर दीड टक्का आणि ५ कोटींच्या वरच्या उत्पन्नावर ४ टक्के असे दर आहेत. उत्पन्नाच्या या मर्यादा महागाईप्रमाणे वाढतात. मला ही पद्धत न्याय्य वाटते. बर्फ कमी पडला, उत्पन्न घटलं, की शुल्कही घटतं. छोट्या गावच्या केंद्राला बड्या कंपनीइतका बोजा पडत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. हा पैसा केंद्र सरकारच्या तिजोरीत जातो, ज्या वनाने तो मिळवून दिला त्याच्याकडे राहत नाही. नवी लिफ्ट टाकायची तर पर्यावरणाचा अभ्यास त्याच वनाच्या कर्मचाऱ्यांनी तपासायचा. पाइनची साल पोखरणाऱ्या भुंग्यांनी वाळवलेली झाडंही त्यांनीच हटवायची. माणसं अपुरी असली की ही कामं रखडतात.

मी मूळची चंद्रपूरची. तिथल्या ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या प्रवेशद्वारावर जमा होणारं शुल्क व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानाकडे राहावं, अशी सोय २००६ च्या कायदा-दुरुस्तीने झाली. इथेही २०२१ मध्ये डेमोक्रॅट मायकेल बेनेट आणि रिपब्लिकन जॉन बरासो या सिनेटरांनी, स्की शुल्काचा मोठा वाटा त्याच वनाकडे राहावा, असं विधेयक मिळून मांडलं. मला ते मनापासून पटतं.

यात एक धोका आहे. स्की केंद्राच्या कमाईवर वनाचं अंदाजपत्रक अवलंबून राहिलं, तर नव्या उतारांसाठी झाडं तोडायला नकार देणं अधिकाऱ्यांना जड जाईल. म्हणून पैसा एका केंद्राभोवती न फिरता साऱ्या वनात वापरला जावा, पायवाटा, वणवा-प्रतिबंध आणि वनरक्षकांचे पगार यांना आधी मिळावा आणि खर्चाचा हिशेब दरवर्षी लोकांसमोर मांडला जावा. एवढी बंधनं कायद्यातच घालावीत आणि शुल्क त्या-त्या वनाच्या स्वाधीन करावं.